कोकणातली भुतं, एक खून आणि थोडंसं प्रेम: पहिली कोझी मिस्टरी लिहायची कशी

कोझी मिस्टरी म्हणजे काय ते आधी पटकन. छोटं गाव, सगळे एकमेकांना ओळखून असतात, खून होतो पण रक्त पानभर सांडत नाही, तपास करणारं माणूस पोलिसातलं नसतं, आणि शेवटी गुन्हेगार सापडून गाव पुन्हा एका ओटीवर चहाला बसतं. यात भुतंखेतं आली की ती पॅरानॉर्मल कोझी, आणि त्यात दोन माणसं हळूहळू एकमेकांकडे सरकताना दिसली की वाचक दुसऱ्या भागाची वाट बघायला लागतो. इंग्रजीत हा प्रकार जोरात चालतो, चेटकिणीची बेकरी, बोलणारं मांजर, शेजारचा व्हॅम्पायर वगैरे. मराठीत रहस्यकथा आहे, भयकथा आहे, गूढकथा तर भरपूर आहे, पण भूत शेजारी राहतंय आणि आपण त्याला घाबरायच्या ऐवजी त्याची काळजी करतोय अशा गोष्टी फार थोड्या. आणि मला अगदी मनापासून वाटतं की अशा गोष्टीला सिंधुदुर्गासारखी जागा नाही.

का ते सांगते. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम मांडले आणि त्यातला दुसराच नियम असा की अलौकिक शक्ती गोष्टीत चालणार नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर होतं, कारण भुताला सगळं दिसत असेल तर पहिल्या पानावरच त्याला विचारा कोणी मारलं, आणि गोष्ट संपली. पण आपल्या कोकणातल्या भुतांना हद्द असते. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही, गिऱ्हा पाणी सोडत नाही, राखणदार गावाच्या शिवेबाहेर जात नाही. म्हणजे प्रत्येक भूत हा अर्धवट साक्षीदार झाला, त्याला काहीतरी दिसलंय पण सगळं नाही, आणि जे दिसलंय ते त्याला कळलंय असंही नाही. नॉक्सची अडचण आपल्या आजी-पणजीने कधीच सोडवून ठेवलेली आहे. हे एक सूत्र धरून ठेवा, हद्द, बाकी सगळं त्याच्याभोवती बांधायचं.

खाली मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलंय, गाव आणि माणसं सगळी काल्पनिक, हवं तर उचला, मोडा, बदला.

पायरी १: लिहायच्या आधी नकाशा काढा

पात्रांची यादी नंतर. आधी एक कागद घ्या आणि गाव काढा. देऊळ कुठे, देवळामागची राहाटी कुठे (देवराईला आमच्याकडे राहाटी म्हणतात), तिठा कुठे, वहाळ (ओढा) कुठून वाहतो, पाणंद कुठे निघते, कुठल्या घराचा गडगा (दगडी कुंपण) कोणाच्या बागेला लागतो, डीपी कुठे आहे, मोबाईलची रेंज नेमकी कुठल्या दगडावर उभं राहिल्यावर येते. मग लाल पेनने प्रत्येक भुताची हद्द काढा. पिंपळावरून मुंजाला काय दिसतं, देवळाची मागची बाजू दिसते का, तिठ्यावरून कोण वळलं ते दिसतं का. हे आधी ठरलं नाही तर मधल्या प्रकरणात तुमचा मुंजा सोयीने कुठेही पोचायला लागेल, आणि वाचक एवढं बरोबर पकडतो.

महिना पण याच कागदावर लिहा. जूनमध्ये ठेवलीत तर पाऊस, गेलेली लाईट, कौलावरून गळणारं पाणी. चतुर्थीला ठेवलीत तर चाकरमानी आलेले, घरं भरलेली, सस्पेक्ट आयतेच तीसेक. मी उदाहरणासाठी जत्रेची रात्र घेतलीय, कार्तिकानंतरची, कारण जत्रेला अख्खं गाव जागं असतं, रात्रभर दशावतार चालतो, खाज्याची दुकानं लागतात आणि तरीही देवळामागे पन्नास पावलांवर काळोखच असतो.

पायरी २: भुतं तीनच घ्या, आणि त्यांची नीट चौकशी करा

नवीन लिहिणारे हडळ, खवीस, झोटिंग, समंध, ब्रह्मराक्षस, चकवा सगळे एकाच पुस्तकात भरतात, मग कोणीच लक्षात राहत नाही. तीन पुरे. एक खरं बोलणारं, एक खोटं बोलणारं, आणि एक गप्प राहणारं.

माझा मुंजा खरं बोलतो. मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, ही समजूत सगळीकडे आहे. माझा आठ वर्षांचा आहे आणि शंभरेक वर्षांपूर्वी गेलाय, त्यामुळे त्याला जीप, मोबाईल, जनरेटर यातलं काही नावाने माहीत नाही. त्याला लग्नाच्या गोष्टी ऐकायला फार आवडतात, कारण ती एकच गोष्ट त्याची राहून गेली.

गिऱ्हा खोटं बोलतो. बुडून मेलेल्याचं भूत, पाण्याकाठी माणसाला फसवणारं. माझ्या गोष्टीत तो वहाळाच्या कोंडीत असतो आणि पाण्यात पडलेली प्रत्येक वस्तू स्वतःची समजतो. खुन्याने रात्री जे काही वहाळात फेकलं ते त्याच्याकडे आहे, पण तो फुकट देणार नाही आणि सांगेल त्यातलं निम्मं खोटं.

राखणदार गप्प. गावाची राखण करणारा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री वाट चुकलेल्याला घराच्या बेड्यापर्यंत (कुंपणाच्या दारापर्यंत) सोडणारा. देवचार म्हणूनही लोक सांगतात. त्याला वर्षातून एकदा राखण द्यायची, नारळ, विडी, काही ठिकाणी कोंबडा. (कोझीत मी नारळच ठेवीन, या प्रकारचा वाचक माणसाचा खून पचवतो पण मुक्या जीवाला काही झालं की पुस्तक मिटतो.) राखणदार बोलत नाही, फक्त काठी आपटतो.

माहिती कुठून काढायची? पहिली जागा घरातली म्हातारी माणसं, आणि त्यांना भुतांबद्दल थेट विचारू नका, रात्रीच्या वाटांबद्दल विचारा, भुतं आपोआप येतात. दुसरी जागा जुनी कागदपत्रं. ए. एम. टी. जॅक्सन म्हणून नाशिकचा कलेक्टर होता, ज्याला डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी नाटकाच्या थिएटरात गोळी घातली, तो लोकसमजुतींचा अभ्यासक होता हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्याने जमवलेल्या साहित्यावरून पुढे आर. ई. एन्थोव्हेनने टिपणं छापली, कोकणाचा भाग १९१५ मध्ये आला, आणि त्यात गावोगावच्या शाळामास्तरांनी कळवलेली माहिती आहे, कुठल्या गावात कुठलं भूत काय करतं इतक्या बारकाव्याने. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही भुतांची नावं शोधत बसा, एक अख्खी संध्याकाळ मजेत जाते.

पण ही जुनी टिपणं जशीच्या तशी उचलू नका. त्यात भुतांची वर्गवारी जातीवर आणि धर्मावर केलेली आहे, आणि बायकांची भुतं तर बहुतेक बाळंतपणात गेलेल्या, छळाने गेलेल्या बायका आहेत. बाळंतपणात गेलेली पोर मेल्यावर लोकांना घाबरवायला वापरायची हे मला पटत नाही. हडळ घ्यायची असेल तर तिला नाव द्या, माहेर द्या, तिची एक तक्रार द्या आणि पुस्तक संपेपर्यंत ती तक्रार कोणीतरी ऐकून घेऊ दे.

आणखी एक, वेताळाला व्हिलन करू नका. बाहेरच्यांना वाटतं वेताळ म्हणजे भुतांचा राजा, चला भयानक सीन लिहू. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा हा ग्रामदेव आहे, लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. ज्याच्या चपला झिजेपर्यंत तो गावासाठी चालतो, त्याला खुनी ठरवून तुम्हाला कोकणातला एकही वाचक मिळणार नाही.

पायरी ३: तपास करणारी व्यक्ती अशी हवी जिच्याकडे सगळे येतात

बेकरीवाली, पुस्तकाचं दुकान चालवणारी, ही इंग्रजी कोझीतली ठरलेली माणसं. आपल्या गावात सगळे कुठे जातात? रेशन दुकान, दळप (पिठाची गिरणी), दवाखाना, पोस्ट. मी पोस्ट निवडलंय. गावातल्या शाखा डाकघरात शाखा डाकपाल म्हणून ग्रामीण डाक सेवक असतात, निवड दहावीच्या मार्कांवर होते, त्यामुळे लातूरची मुलगी सिंधुदुर्गातल्या एका वाडीत येऊन पडते असं खरोखर होतं. काम दिवसाला चार-पाच तासांचं, राहायचं त्याच गावात, पोस्टासाठी जागाही तिनेच बघायची, म्हणजे कोणाच्या तरी पडवीत टेबल, तराजू, शिक्का आणि ती. दुपारनंतर तपासाला मोकळी. गावात नवीन असल्यामुळे तिला मालवणी कळत नाही, कोणाचं कोणाशी भांडण आहे माहीत नाही, कुठल्या झाडाखाली उभं राहू नये माहीत नाही, आणि म्हणूनच ती मुंजाशी बोलते. गावातलं कोणी पिंपळाखाली थांबतच नाही.

तिलाही हद्द द्या हं. तिच्या हातात गावाचं सगळं टपाल येतं, पण दुसऱ्याचं पाकीट उघडणं तिच्यासाठी गुन्हा आहे. तिला फक्त पाकिटाची बाहेरची बाजू दिसते. भुताला जसं अर्धं दिसतं तसंच हिलाही अर्धं, आणि ही जोडी जमते ती इथे.

पायरी ४: खून माणसानेच करायचा, पण गावाला वाटलं पाहिजे भुताने केला

या प्रकारातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणून इथे जरा थांबते. खून भुताने केला तर ती भयकथा. भुताने सोडवला तर फसवणूक. माणसाने केला, गावाने भुतावर ढकलला, आणि भुतावरचा तो आळ पुसायला नायिका उभी राहिली की कोझी. म्हणजे भूतच आरोपी आहे, आणि ते कोर्टात येऊ शकत नाही.

माझ्या गोष्टीत एक मध्यमवयीन गृहस्थ जत्रेच्या रात्री राहाटीत मेलेला सापडतो. महिन्यापूर्वी त्याने राहाटीतली एक फांदी तोडली होती, त्यामुळे गाव म्हणतं राखणदाराने धरला. मृतदेहाजवळ फुटलेला नारळ आणि विडीचं बंडल. पोस्टमॉर्टेममध्ये विजेचा धक्का निघतो. मग गाव म्हणतं ठीक, रानडुकरासाठी कोणीतरी आकडा टाकून तार सोडली असणार, अपघात. पण गावचा वायरमन सांगतो की त्या रात्री लाईन तुटली होती, त्याने परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेऊन काम चालू ठेवलं होतं, रात्री दहापासून पहाटेपर्यंत अख्ख्या गावात वीज नव्हती. मग माणूस मेला कशाने? त्या रात्री गावात वीज एकाच ठिकाणी होती, दशावतारी नाटकाच्या जनरेटरवर.

कारण काय तर जमीन. कोकणात सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काहींचा पत्ताच नाही, आणि कोणीतरी गुपचूप व्यवहार करायला बघतं. फेरफाराची नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, आणि ती नोटीस पोस्टाने येते. नायिकेने स्वतःच्या हाताने ती मेलेल्या गृहस्थाला दिली होती, सही घेतली होती, पाकिटावर तहसील कार्यालयाचा शिक्का होता, आणि तो तिथेच पायरीवर बसून वाचत राहिला होता एवढंच तिला आठवतं. आत काय होतं तिला माहीत नाही. बघा, सरकारी कागद, पोस्ट, जमीन, जत्रा हे सगळं एकमेकांत आपोआप अडकतंय, कारण गावात ते खरोखर तसंच अडकलेलं असतं. गुप्तधन, राहाटीतली झाडं, खवले मांजराची चोरटी शिकार ही कारणंही उत्तम, भुताची आवई उठवून लोकांना जंगलापासून लांब ठेवायला कोणालाही फायदा असू शकतो.

वीज, विष, साप, जे काही वापराल त्याबद्दल त्या कामातल्या माणसाला विचारा. वायरमनला चहा पाजून तासभर बोललात की परमिट, डीओ, फीडर, लॉगशीट हे शब्द मिळतातच, वर तो रात्री खांबावर चढताना काय विचार करतो तेही मिळतं, आणि ते पुढे रोमान्समध्ये लागणार आहे.

पायरी ५: क्लू असे ठेवा की वाचकाने दोनदा वाचावेत

साक्षीदार भूत असण्याचा खरा फायदा इथे. मुंजा खरं सांगतो, पण त्याच्या काळाच्या शब्दांत. नायिका विचारते त्या रात्री काय दिसलं, तर तो म्हणतो,

"एक माणूस काळा साप ओढत नेत होता. लांबच लांब. सापाला डोकं नव्हतं."

"आणि?"

"देवळामागे एक म्हातारा सारखा खोकत होता. मध्येच एकदा ठसका लागला त्याला. मग परत खोकायला लागला."

वाचकाला वाटतं ही नवीन भुतं आली, बिनडोक्याचा साप आणि खोकणारा म्हातारा. नायिकेलाही तसंच वाटतं, ती बिचारी गावात खोकल्याचा म्हातारा शोधत फिरते. दोन प्रकरणांनंतर कुठल्यातरी लग्नाच्या मांडवात केबल ओढताना बघून तिच्या डोक्यात उजेड पडतो. सापाला डोकं नव्हतं म्हणजे वायर. म्हातारा म्हणजे जनरेटर, आणि ठसका लागला तो क्षण म्हणजे तार कशालातरी टेकली तो क्षण. सगळं वाचकासमोर उघडं होतं, काही लपवलेलं नव्हतं. याला फेअर प्ले म्हणतात, आणि क्लू लपवायचा असेल तर तो भुताच्या तोंडी द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण वाचक भुताचं बोलणं वातावरण म्हणून वाचतो.

दुसरा क्लू मला याहून आवडतो. दशावतारात सुरुवातीचा आडदशावतार झाला, संकासुर येऊन गेला, की पुढचं आख्यान सुरू होतं आणि त्यातले संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या जागी रचतात. म्हणजे तेच आख्यान दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात वेगळं. आता जनरेटरला ठसका लागला तेव्हा रंगमंचावरचे दिवे मंद झाले. राक्षसाची भूमिका करणारा नट थांबला नाही, वर बघून म्हणाला, "इंद्रदेवा, लायटीचा बिल भरलंस मा?" आणि अख्खा मांडव हसला. ज्या माणसाने सांगितलं की मी शेवटपर्यंत नाटकच बघत होतो, पहिल्या रांगेत, त्याला आख्यान पाठ आहे, कथा सांगता येते, कोण कोणाला मारतो ते माहीत आहे. पण हा विनोद माहीत नाही. तो फक्त त्या रात्री, त्या क्षणी, तिथे बसलेल्यांनाच माहीत असणार. खुनी तोच, जत्रेच्या कमिटीतला, सगळ्यांना चहा पाजत फिरणारा, जनरेटर ठरवणाराही तोच.

हा विनोद पुस्तकात आधी दोन-तीनदा हसतखेळत येऊ दे. घावण्याची चटणी वाटताना कोणी म्हणेल, पोरं खेळताना म्हणतील, वायरमनची आई त्याला टोमणा मारेल. वाचकाने त्याला गावाची गंमत समजलं पाहिजे.

गिऱ्ह्याचं काम थोडं. त्याच्याकडे वहाळात फेकलेली पक्कड आहे, तो दोनदा खोटं सांगतो, तिसऱ्यांदा सौदा करतो. सौद्यात नायिकेने काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण काहीतरी तिला खरंच जड जाईल असं हवं.

पायरी ६: भुताची साक्ष कोर्टात चालत नाही, म्हणून पुरावा वेगळा जमवा

भुताने दिशा दाखवायची, पुरावा माणसाने शोधायचा. त्यामुळे मुंजाच्या प्रत्येक वाक्यासाठी एक कागद किंवा वस्तू ठेवा, परमिटची नोंद, जनरेटरच्या डिझेलचा हिशोब, नोटिशीच्या पोचपावतीवरची तारीख.

पोलिसांचं काम ढोबळ का होईना बरोबर लिहा. गावात पहिला येतो तो पोलीस पाटील, हे पद १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातलं आहे, आणि कोझीसाठी हे पात्र सोनं आहे कारण तो गावातलाच असतो, नातेवाईक सगळ्यांचा, आणि तरी कळवायची जबाबदारी त्याची. मग अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, ग्रामीण रुग्णालयात पोस्टमॉर्टेम. कलमं लिहायची असतील तर तारीख बघा, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झालेत, अकस्मात मृत्यूच्या चौकशीसाठी आता जुन्या १७४ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, आणि खुनाला ३०२ ऐवजी न्याय संहितेचं १०३. अजून सगळे तीनशेदोनच म्हणतात, पात्राच्या तोंडी तेच राहू दे, कागदावर नवीन.

भगत किंवा मांत्रिक आणणार असाल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हे त्यात गुन्हे आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण आपण भुतांच्या प्रेमळ गोष्टी लिहितोय, आणि त्याच भुतांच्या नावावर खऱ्या बायकांना खऱ्या साखळ्यांनी बांधलं जातं. तुमच्या गोष्टीतला मुंजा कितीही गोड असला तरी मांत्रिक त्याच्या नावावर पैसे उकळत असेल तर मुंजानेच त्याच्यावर चिडलं पाहिजे.

पायरी ७: प्रेम हळू, आणि कामातून

वायरमन आहेच. आईच्या नावाचं रिकरिंग (दरमहा भरायची ठेव) भरायला तो दर महिन्याला पोस्टात येतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी तो ड्युटीतून वेळ काढून स्वतः येतो, आई चालती-फिरती असताना, हे नायिकेच्या आधी घरमालकीणबाईंच्या लक्षात येतं. अशा गोष्टींतून लिहा. त्याने न सांगता पोस्टाच्या इन्व्हर्टरचं बॅटरीचं पाणी भरून ठेवलंय. तिने त्याच्या आईचं पासबुक प्लास्टिकच्या कव्हरात घालून दिलंय कारण पावसात त्याचा खिसा कायम भिजलेला असतो. वादळात तो खांबावर असताना गावातल्या सगळ्यांना लाईट कधी येणार याची घाई आहे आणि ती एकटीच दार उघडं ठेवून त्याच्या बॅटरीचा उजेड शोधतेय.

मग तो सस्पेक्ट झाला पाहिजे. विजेने मेलेला माणूस, विजेचं काम करणारा हा एकटा, आणि त्या रात्री तो नेमका कुठे होता याची खात्री देणारं कोणी नाही. नायिका त्याला न सांगता त्याच्या साहेबांकडे परमिटची वेळ तपासून येते. ती बरोबर वागलेली असते, आणि त्याला ते कळल्यावर तो दुखावतो, तोही बरोबर असतो. दोघंही बरोबर असलेलं भांडण लिहायला कठीण जातं पण वाचकाला तेच आठवतं. समेटासाठी राखणदाराला आणू नका. तो दोघांना एकाच वाटेवर आणून सोडू शकतो फार तर, काठी आपटून, बोलायचं त्यांनीच. मुंजाला मात्र सगळ्याची उत्सुकता असू दे, "लग्न कधी?" हा एकच प्रश्न तो प्रत्येक भेटीत विचारतो आणि ती प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देते.

पहिल्या पुस्तकात हातात हात एवढं पुरे. लग्न लावून टाकलंत तर दुसऱ्या भागाला काय उरलं?

पायरी ८: भाषा

मालवणी तुमची नसेल तर अख्खे संवाद मालवणीत लिहू नका. लातूरची नायिका असण्याचा हा फायदा, निवेदन साध्या मराठीत ठेवता येतं आणि मालवणी फक्त ठरावीक माणसांच्या तोंडी, छोट्या वाक्यांत, "खंय गेल्लंस?", "माका काय म्हायत नाय", "गे बाय, बस मगे". जी वाक्यं लिहाल ती मालवणी बोलणाऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. गाऱ्हाणं घालायचा सीन असेल तर तो नीट ऐकून मगच लिहा, एकाने देवाला साकडं सांगायचं आणि मागून सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, त्याची लय कागदावर आली तर तुमचं अर्धं वातावरण तिथेच तयार. माझ्या गोष्टीत राखणदारावरचा आळ पुसल्यावर अख्खं गाव त्याची माफी मागतं ते गाऱ्हाण्यातूनच, आणि त्या गर्दीत लातूरची मुलगी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर "होय म्हाराजा" म्हणते.

पायरी ९: लिहून पाठवा

शेवट आधी लिहा, म्हणजे क्लू कुठे पेरायचे ते कळतं. मग पहिला ड्राफ्ट सरळ पुढे लिहीत जा, मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. दुसऱ्या वाचनात फक्त हद्दी तपासा, नकाशा शेजारी ठेवून, कोण कुठून काय बघतंय. तिसऱ्यात फक्त वायरमन आणि पोस्टवालीचे सीन वाचा, सलग, बाकी सगळं वगळून, ती वेगळी छोटी गोष्ट म्हणून उभी राहते का बघा.

पहिल्यांदाच लिहीत असाल तर कादंबरीच्या मागे लागू नका, तीन-चार हजार शब्दांची एक कथा करा, एक भूत, एक खून, दोन क्लू. प्रतिलिपी या कथा वाचायच्या-लिहायच्या अ‍ॅपवर भाग पाडून टाकता येते आणि वाचक कुठल्या भागात गळतात ते तिथे दिसतं. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळ्यातच पाठवा, गणपतीपर्यंत बहुतेक अंकांचं साहित्य ठरत आलेलं असतं, युनिकोडमध्ये टाईप करा, सोबत चार ओळींचा सारांश द्या आणि त्या सारांशात खुनी कोण ते सांगून टाका, संपादकाला ते लपवून काही मिळत नाही.